गिअर अडतो तेव्हा दोष कुठे शोधावा?

मॅन्युअल मोटारीत गिअर जड पडू लागल्यास पहिली परीक्षा इंजिन बंद करून घ्यावी, आणि ती घेतल्याखेरीज गिअरबॉक्स उघडण्यास संमती देऊच नये. कारण इंजिन बंद असताना गिअर सहज पडत असतील व चालू होताच अडत असतील, तर दोष बहुधा क्लचमध्ये, म्हणजे इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सपासून क्षणभर तोडणाऱ्या यंत्रणेत असतो. अशा वेळी क्लचची केबल सैल झाली आहे का, किंवा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारा क्लच असल्यास ते तेल गळून नळीत हवा शिरली आहे का, हे पाहावे. इंजिन बंद असूनही अडथळा राहिल्यास गिअरच्या दांड्यापासून निघणाऱ्या केबल व त्यांचे बुश, म्हणजे जोडांतील झिजणारी आवरणे, तपासावीत.

एकाच गिअरला खरखर होत असेल, तर त्याची सिंक्रोनायझर रिंग, म्हणजे फिरत्या भागांचे वेग घर्षणाने जुळवणारी, बहुधा पितळी कडी झिजलेली असण्याचा संभव मोठा. कॅडिलॅक कंपनीने १९२८ मध्ये आपल्या मोटारींत ही रचना आणण्यापूर्वी वेग जुळवण्यासाठी चालकाला क्लच दोनदा दाबावा लागे. रिव्हर्स गिअरला मात्र अनेक गाड्यांत ही कडी नसते, म्हणून तिथली खरखर गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबल्यावर दोन-तीन सेकंदांनी गिअर टाकल्यास बहुधा नाहीशी होते.