कुंडीनं फोन केला त्याला वीस वर्षं झाली

२००६ साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी कुंडीला फोन जोडला. मातीत खोचलेल्या सेन्सरला ओल कमी झाल्याचं कळलं की झाड मालकाला फोन करून पाणी मागायचं. प्रत्येक झाडाला वेगळा आवाज दिलेला. पाणी घातलं की आभाराचाही फोन यायचा. ‘बोटॅनिकॉल्स’ हे त्या प्रकल्पाचं नाव. पुढे दोनेक वर्षांत त्याच कुंड्या ट्विटरवरही लिहू लागल्या. लोकांनी हे गंमत म्हणून घेतलं आणि गंमतच होती ती. पण शहरात भाजी पिकवायला इंटरनेट जुंपण्याची जी लाट नंतर आली, तिचं सगळं सामान या गमतीत आधीच होतं. मातीत सेन्सर, मध्ये नेट आणि दुसऱ्या टोकाला घरी नसलेला माणूस.

तीन वर्षांनी ब्रुकलिनमध्ये ब्रिटा रायलीनं खिडकीत बाटल्यांची माळ लावली. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, त्यात रोपं आणि खालचं पाणी वर चढवायला फिशटँकचा हवेचा पंप. ‘विंडोफार्म्स’ म्हणून हे गाजलं ते यंत्रामुळे नाही, रायलीनं आराखडा नेटवर सगळ्यांना खुला केला म्हणून. कुणी पंपाचा आवाज कमी केला, कुणी पाइपची मापं सुधारली, फिनलंडच्या लोकांनी काळोख्या हिवाळ्यासाठी एलईडी दिवे जोडले आणि ती रचनाही परत सगळ्यांना दिली. माझ्या मते या वीस वर्षांतला हा सगळ्यात निरोगी काळ. पैसा कुणालाच फारसा मिळत नव्हता, आणि प्रत्येकाच्या खिडकीत थोडं काहीतरी उगवत होतं.

मग पैसा आला. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक डिक्सन डेस्पॉमिए यांच्या वर्गात १९९९ मध्येच एक हिशेब झाला होता. मॅनहॅटनच्या सगळ्या गच्च्यांवर पिकवलं तरी तिथल्या जेमतेम दोन टक्के लोकांचं भागेल असं त्यात निघालं. मग मजल्यावर मजले चढवून का पिकवू नये, हा पुढचा प्रश्न. २०१० मध्ये त्यांचं उभ्या शेतीवरचं पुस्तक आलं आणि गुंतवणूकदारांना दिशा मिळाली. एमआयटीच्या ‘ओपनअ‍ॅग’ प्रकल्पानं ‘फूड कॉम्प्युटर’ नावाची पेटी दाखवली. तापमान, आर्द्रता, प्रकाश यांची ‘पाककृती’ नेटवरून उतरवून घ्यायची आणि इटलीतली तुळस बॉस्टनमध्ये वाढवायची, अशी ती कल्पना. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्याच कर्मचाऱ्यांच्या हवाल्यानं बातम्या आल्या की पेट्या नीट चालत नव्हत्या आणि काही वेळा पाहुण्यांसमोर ठेवलेली रोपं बाजारातून विकत आणलेली होती. २०२० मध्ये प्रकल्प बंद झाला.

कंपन्यांचं तेच झालं, फक्त आकडे मोठे. बर्लिनच्या ‘इन्फार्म’नं सुपरमार्केटमध्येच काचेची कपाटं उभी केली. गिऱ्हाइकासमोर कोथिंबीर-तुळस वाढणार आणि देशोदेशीच्या कपाटांची काळजी नेटवरून कंपनी वाहणार. युक्रेन युद्धानं युरोपात वीज महागली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीनं सुमारे पाचशे माणसं घरी पाठवली. न्यू जर्सीच्या ‘एरोफार्म्स’नं जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. स्वतःची संगणकप्रणाली मिरवणारी न्यूयॉर्कची ‘बावरी’ नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद पडली. बॉस्टनच्या ‘फ्रेट फार्म्स’नं एप्रिल २०२५ मध्ये काम थांबवलं, तेव्हा तिचे कंटेनर विकत घेतलेल्यांपुढे वेगळाच पेच होता. लोखंडी डबा आपल्या अंगणात, पण तो चालवणारं सॉफ्टवेअर कंपनीचं. सिंगापूरनं २०३० पर्यंत गरजेचं तीस टक्के अन्न घरच्या घरी पिकवण्याचं ध्येय २०१९ मध्ये जाहीर केलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेही गुंडाळून २०३५ ची नवी उद्दिष्टं मांडली.

यात सेन्सरचा दोष फारसा नव्हता. पानाला प्रकाश लागतो आणि बंद खोलीत तो विकत घ्यावा लागतो. २०२१ च्या एका जागतिक पाहणीत उभ्या शेतीला किलोमागे सरासरी ३८.८ युनिट वीज लागत असल्याचं दिसलं. हरितगृहाला लागायची ५.४. आपल्या घरगुती दरानं हिशेब केला तर एका किलोला निदान दोनशे रुपयांची वीज झाली. आणि माल कोणता, तर लेट्यूस, ज्यात पंच्याण्णव टक्के पाणीच असतं. ज्वारी-तूर या भानगडीत कुणी पडलंच नाही, कारण दाणा भरायला याच्या कितीतरी पट प्रकाश लागतो.

आता आपल्याकडे या. पुण्या-मुंबईच्या गच्चीला प्रकाशाची ददात कधी नव्हतीच. उलट एप्रिलमध्ये हिरवी जाळी बांधून तो अडवावा लागतो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. चौरस फुटावर पडणारं ऊन किती पानांनी झेललं याचा ते हिशेब मांडत आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब सुखानं कसं राहील ते दाखवत. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त शेतकरी एकमेकांचे प्रयोग पाहत, तपासत, पुढे नेत. मोबाइल नव्हता तेव्हाचं हे जाळं. शहरी बागांमध्ये आज जी ‘अमृत माती’ चालते, तिची मुळं दाभोळकरांच्याच विचारात आहेत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर ओल्या कचऱ्याच्या खतावर बाग फुलली, ती २००२ च्या सुमारास. तिलाही कुठली वायर नव्हती.

म्हणजे आपली अडचण वेगळी होती. पाणी, उन्हाळा, सोसायटीची कमिटी (‘गच्ची गळाली तर जबाबदार कोण?’) आणि मे महिन्यात गावाला गेल्यावर कुंड्यांना कोण बघणार. परदेशी पेटीत यातल्या कशाचंच उत्तर नव्हतं. ते पुरवलं दोन स्वस्त गोष्टींनी. एक, २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीनं काढलेली ईएसपी-८२६६ ही वायफाय चिप. लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत ती दोन-तीनशे रुपयांच्या बोर्डावर बसवून मिळू लागली. दुसरी, २०१६ मध्ये जिओनं पाडलेले डेटाचे भाव. इंजिनिअरिंगच्या मुलांचे ‘स्मार्ट इरिगेशन’चे प्रोजेक्ट तेव्हापासून दर वर्षी निघतात, आणि त्यातल्या बहुतेकांचं आयुष्य तोंडी परीक्षेपर्यंतचं.

त्याचं कारण मातीत खोचून पाहिलं की समजतं. सगळ्यात स्वस्त सेन्सर दोन पायांच्या काट्यासारखा असतो. एका पायातून दुसऱ्यात वीज किती सहज जाते यावरून तो ओल ठरवतो आणि शून्य ते १०२३ मधला एक आकडा देतो. सतत चालू ठेवला तर दोन-तीन आठवड्यांत एका पायावरचा मुलामा उडतो, खालचं तांबं हिरवं पडतं. मग माती चिखल असली तरी सेन्सर कोरडी म्हणतो, पंप पाणी सोडत राहतो आणि मिरचीची मुळं कुजतात. उलटही होतं. जीवामृत घातलं की मातीत क्षार वाढतात, वीज सहज वाहते आणि तहानलेली कुंडी यंत्राला तृप्त दिसते. कोकोपीटमध्ये तर वरचे दोन इंच खडखडीत आणि तळाशी पाणी, तेव्हा काटा किती खोल खोचलाय यावर उत्तर ठरतं. मुरलेली मंडळी आता कपॅसिटिव्ह सेन्सर घेतात, त्याच्या उघड्या कडांना नेलपॉलिश लावतात आणि तासातून एकदा, क्षणभरच वीज देतात. तरी वाफसा आहे की नाही हे शेवटी बोट खुपसूनच बघतात.

दुसरा धडा नेटच्या पलीकडच्या टोकाचा. हौशी लोकांनी ज्या ‘ब्लिंक’ अ‍ॅपवर आपापले पंप जोडले होते, त्याची जुनी आवृत्ती २०२२ च्या अखेरीस बंद झाली. कोड नव्यानं लिहिला त्यांचे पंप चालू राहिले. बाकीच्यांचे बोर्ड ड्रॉवरमध्ये गेले.

याच काळात जोडणीचं खरं काम फार साध्या जागी झालं. बेंगळुरूमध्ये २०११ पासून गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांचा फेसबुक गट आणि त्यांचा ‘ऊटा फ्रॉम युअर तोटा’ हा मेळावा रुजला. बी, खत, अनुभव, सगळ्याची देवघेव तिथे झाली. आपल्याकडे तेच व्हॉट्सअ‍ॅपवर झालं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये भाजीच्या रांगांना कंटाळलेल्यांनी घरातल्याच मेथ्या-धणे पेरले आणि गट फुगले. अशा गटात सकाळी सुप्रभातचे फुलवाले फोटो, भांडणं, एकच प्रश्न दहादा. पण भेंडीवर मावा पडल्याचा फोटो टाकला की दहा मिनिटांत कुणीतरी ताई निंबोळी तेल आणि साबणाचं प्रमाण सांगतात, शिवाय ‘पानाच्या खालच्या बाजूनं मारा’ हेही. हा सल्ला देणाऱ्या बाईंची गच्ची चार गल्ल्या सोडून असते, तिथलं ऊन आणि पाऊस तोच असतो. फोटोवरून रोग ओळखणारी ‘प्लँटिक्स’सारखी अ‍ॅप आलीत, ती मोठ्या शेताला उपयोगी आहेत. गच्चीवरच्या चार वांग्यांना मात्र औषधाची बाटली सुचवली की ती संपवायची कुठे, हा प्रश्न उरतो.

पाण्याचंही काम अखेर दुकानातल्या टायमरकडे आलं. नळाला लावायचा, दोन सेलवर चालणारा, नेटशी काही देणंघेणं नसलेला. त्याला ठिबकच्या बारीक नळ्या जोडल्या की पंधरा दिवस निघतात, टाकीत पाणी असेपर्यंत. नेट कुठे उपयोगी पडलं असेल तर त्या टाकीत. पातळी उतरली की मोबाइलवर सूचना देणारा फ्लोट आता बऱ्याच सोसायट्यांनी बसवलाय. तो भाजीसाठी बसवलेला नाही, टँकर कधी मागवायचा हे सेक्रेटरींना कळावं म्हणून.