आजारी मुलांपासून घडवलेले राक्षस

गॅनिमीड हा गुरूचा सर्वांत मोठा उपग्रह. त्याला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे, हे 'गॅलिलिओ' यानामुळे १९९६ मध्ये कळले. 'कॅलिबन्स वॉर' (२०१२) या विज्ञान कादंबरीत या क्षेत्राचा छान उपयोग केला आहे. किरणोत्सारापासून थोडे संरक्षण मिळते म्हणून दूरदूरच्या वस्त्यांतल्या स्त्रिया बाळंतपणासाठी गॅनिमीडवर येतात, तिथल्या शेतांतून सर्वांना धान्य जाते. प्रत्यक्षात गुरूभोवतीचा किरणोत्सार पाहता हे कवच एकटे पुरे पडणार नाही, पण तेवढी सूट लेखकांना द्यायला हरकत नाही.

जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक हे दोघे लिहितात. 'द एक्सपान्स' मालिकेतली ही दुसरी कादंबरी. पृथ्वी आणि मंगळाचे सैनिक समोरासमोर उभे असताना एक प्राणी उघड्या अंतराळात, कोणत्याही पोशाखाशिवाय धावत येतो आणि सैनिकांना फाडून टाकतो. परग्रहावरच्या एका रेणूची मानवी शरीराशी सांगड घालून तो प्रयोगशाळेत तयार केलेला असतो. ते मानवी शरीर कोणाचे, हा कादंबरीतला खरा हादरा आहे.

प्रॅक्स हा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याच्या चार वर्षांच्या मेईला जन्मजात आजार आहे. तिची रोगप्रतिकारशक्ती अकाली म्हातारी होते, औषध चुकले तर साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. युद्धाचा भडका उडण्याच्या काही तास आधी मेई शाळेतून नाहीशी होते. तिला नेणारा दुसरा कोणी नसून तिचाच डॉक्टर असतो. डॉक्टर न्यायला आले म्हटल्यावर शाळेत कोण अडवणार? त्याच आजाराची इतर मुलेही बेपत्ता आहेत, हे प्रॅक्सच्या हळूहळू लक्षात येते.

मेईचा आजार काल्पनिक असला, तरी त्यामागचा तर्क वैद्यकशास्त्राला धरून आहे. शरीर परक्या पेशी ओळखते आणि त्यांच्यावर तुटून पडते. म्हणूनच मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. ज्याच्या शरीरात हा पहारेकरीच नाही, तिथे परके काहीही सहज रुजते. 'स्किड' या जन्मजात आजारात टी-पेशी जवळजवळ नसतातच. अशा बाळाला जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा देताना पुष्कळदा आधीच्या जहाल केमोथेरपीची गरज पडत नाही, कारण नाकारणारे कोणी शिल्लक नसते. याच कारणाने भारतात जन्मतःच दिली जाणारी बीसीजी लस एरवी निर्धोक असली, तरी या मोजक्या बाळांमध्ये लसीतला दुबळा जंतू शरीरभर पसरतो. काखेत वाढलेली गाठ, न भरणारी जखम, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया आणि न वाढणारे वजन दिसले, की बालरोगतज्ज्ञाच्या मनात ही शंका यायला हवी. अशा आजारांच्या निदानाचे मोठे काम मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय संस्थेत चालते.

कादंबरीतली आणखी एक गोष्ट पटते. प्राणी हाताबाहेर गेला तर नष्ट व्हावा म्हणून त्याच्या शरीरात स्फोटक बसवलेले असते, आणि त्यांतला एक ते स्वतःच काढून फेकतो. खऱ्या प्रयोगशाळांतही बदल केलेल्या जंतूंमध्ये असे 'मरणाचे बटण' घालतात. अनेक पिढ्या वाढल्यावर ज्या जंतूत उत्परिवर्तनाने हे बटण बिघडते, तोच तगतो आणि फोफावतो. त्यामुळे एकाच बटणावर भिस्त ठेवत नाहीत.

डॉक्टरच आपले रुग्ण पुरवतो, हे मात्र अनेक वाचकांना अतिरंजित वाटेल. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या सरकारी संस्थेचा इतिहास वाचला तर तसे वाटणार नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे मुलांना काविळीचा विषाणू मुद्दाम दिला जात होता. त्यांना तो नाहीतरी होणारच, असा संशोधकांचा युक्तिवाद होता. पालकांच्या सह्या होत्या. पण १९६४ मध्ये संस्था भरली म्हणून नेहमीचे प्रवेश थांबले, तेव्हा प्रयोगाच्या विभागात मात्र जागा मिळत होती. घरी सांभाळणे अशक्य झालेल्या मुलाच्या आईने अशा वेळी केलेल्या सहीला संमती म्हणायचे का? त्या प्रयोगांतून कावीळ दोन प्रकारची असते हे स्पष्ट झाले आणि पुढे लसीलाही मदत झाली, ही बाब प्रश्न आणखी अवघड करते. आज भारतात मुलांवरील संशोधनासाठी पालकांच्या संमतीबरोबर जाणत्या मुलाचा होकारही घ्यावा लागतो.

कादंबरीतला डॉक्टर खलनायकासारखा वागत नाही. तो मेईशी गोड बोलतो, तिची औषधे वेळेवर चालू ठेवतो. प्रॅक्स मात्र उपाशीपोटी, बर्फाच्या बोगद्यांतून, मुलीचा शेवटचा डोस कधी झाला असेल याचा हिशेब करत फिरतो. लांबलचक आजारात घरच्यांचा दिवस असाच औषधांच्या वेळांवर चालतो, आणि लेखकांनी तो बारकाईने टिपला आहे. मेई सापडते का, हे पुस्तकातच वाचावे.