चहा घेतला की उतरणारं डोकं

हरतालिकेच्या दिवशी दुपारी आपल्या गल्लीत एक चक्कर मारा. कुणी ना कुणी कपाळाला फडकं बांधून पडलेली दिसेल. विचारलं तर म्हणते, "निर्जळी आहे ना, पित्त चढलं." उपाशीपोटी, पाण्यावाचून डोकं दुखतं, हे खरंच. पण जिला एरवी दिवसाला पाच-सहा चहा लागतात, तिच्या दुखण्याला आणखी एक कारण असतं. त्या दिवशी तिचा चहा बंद असतो.

चहात कॅफिन असतं. दिवसभर राबताना आपल्या मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. 'दमलीस, जरा पड' असा निरोप ते देतं. कॅफिन त्याच्या जागेवर जाऊन बसतं, म्हणून तो निरोप पोचत नाही आणि आपल्याला तरतरी येते. डोक्यातल्या रक्तवाहिन्याही थोड्या आवळतात. रोज असंच चाललं की शरीर अॅडेनोसिनसाठी जादा जागा तयार करतं. मग एखाद्या दिवशी चहा चुकला, की त्या जागा अॅडेनोसिनने भरतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि डोकं ठणकायला लागतं. शेवटच्या चहानंतर साधारण १२ ते २४ तासांत हे सुरू होतं आणि २ ते ९ दिवस राहू शकतं. चहा घेतला तर बहुतेक वेळा तासाभरात उतरतं. आपण म्हणतो, चहाने डोकं थांबलं. पण ते उठलं होतं तेही चहापायीच.

किती चहा म्हणजे जास्त? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १५० मिलि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन धरलंय आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितलीय. आपला कप लहान असतो, पण पत्ती आपण उकळ-उकळ उकळतो. आता कांदालागणीचे दिवस आठवा. उठल्यावर एक, दहाला वावरात किटली येते, जेवणावर एक, चारला परत किटली, घरी आल्यावर एक. पाहुण्याबरोबरचा आणि गटाच्या बैठकीतला तर आपण मोजतच नाही. कोरा असो, गुळाचा असो, कॅफिन तेवढंच. गवती चहा नुसताच उकळला तर मात्र त्यात कॅफिन नाही, फक्त नाव चहाचं.

मला खरी काळजी वाटते ती गोळीची. डोकं उठलं की किराणा दुकानातून एक गोळी आणायची, चहाबरोबर घ्यायची आणि कामाला लागायचं, हे आपल्याकडे घरोघर चालतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत वेदनाशामकाबरोबर कॅफिनही असतं, कारण त्याने गोळीचा असर वाढतो. पाकिटावर घटक छापलेले असतात, लेकीकडून वाचून घ्या. कधीमधी घेतली तर ती उपयोगी पडते, अर्धशिशीतही. पण अशी मिश्र गोळी महिन्यातले दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेत राहिलं, तर गोळीच डोकेदुखी लावते. डॉक्टरांच्या जगात हा वेगळा आजार म्हणून नोंदलेला आहे आणि तो पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो. गोळीचा असर ओसरला की डोकं उठतं, म्हणून परत गोळी. तोवर वाढलेलं बीपी, चष्म्याचा बदललेला नंबर, अपुरी झोप ही कारणं झाकलेलीच राहतात. वेदनाशामकाने पोट आणि मूत्रपिंड बिघडू शकतं ते वेगळंच. ही सवय सोडताना आधी काही दिवस डोकं जास्त दुखतं, म्हणून ती डॉक्टरांना सांगूनच सोडा.

जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा नको, असंही त्याच संस्थेचं सांगणं आहे. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आहे आणि रक्त कमी असलं की डोकंही दुखतं. गरोदर बाईच्या अंगात कॅफिन जास्त वेळ टिकतं. तिने चहा कमी केलेलाच बरा.

चहा एकदम तोडू नका. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा, किंवा कप तेवढेच ठेवून अर्धे भरा. तलफ भागवायला कोलाची बाटली आणू नका, त्यातही कॅफिन असतं. हरतालिकेला निर्जळी धरायचीच असेल तर आठ-दहा दिवस आधीपासून कप कमी करत आणा. गटाचा हिशेब आपण पैशापैशाने लिहितो, तसं महिनाभर एका वहीत लिहा: चहा किती वाजता, डोकं किती वाजता, गोळी कोणती, पाळी कधी. सकाळचा चहा लांबला की डोकं उठतं, असं दिसलं तर कारण बरंचसं सापडलं. नाही दिसलं तरी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.

एकाएकी, कधी नव्हे इतकं डोकं फुटायला लागलं, तापाबरोबर मान आखडली, हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, किंवा गरोदरपणात डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर चहाही नको, वहीही नको. गाडी बघा आणि थेट उपजिल्हा रुग्णालय गाठा.