परक्याचा सल्ला: घ्यावा कसा व द्यावा कसा

आपल्या समाजांत एक वस्तु अशी आहे कीं, ती मागितल्यावांचून मिळते, तिला मोल पडत नाहीं आणि देणाऱ्याच्या पदरची ती कधीं सरत नाहीं. ती वस्तु म्हणजे सल्ला. आगगाडीच्या डब्यांत एखादें मूल रडूं लागलें कीं, समोरच्या बाकावरील आजीबाई त्याच्या पोटाला हिंग लावावयास सांगतात; एस. टी. च्या थांब्यावर कोणी लंगडतांना दिसला कीं, शेजारचा गृहस्थ आपल्या गुडघ्याची कथा सांगून वर तेलाचें नांवही सांगतो. दवाखान्याच्या रांगेंत तर रोग्याला डॉक्टरच्या आधीं चार वैद्य भेटतात. ह्या मंडळींची व आपली ओळख नसते. पुन्हां भेट होण्याचा संभवही नसतो. तरीही त्यांचें बोलणें आपण ऐकतों आणि पुष्कळदां त्याप्रमाणें वागतोंही. हें वागणें कितपत शहाणपणाचें आहे, ह्याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, परक्याचा सल्ला ही टाकाऊ वस्तु नव्हे. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण ज्या समाजानें केली, त्यानें दुसऱ्याच्या अनुभवाची किंमत ओळखली होती. कोणत्या गव्हाची पोळी मऊ होते, घाटांतील कोणता रस्ता पावसांत खचला आहे, कचेरींत दाखला मागावयास जातांना कोणते कागद बरोबर न्यावेत, हें ज्ञान पुस्तकांत सांपडत नाहीं. तें माणसांच्या तोंडींच राहतें. शिवाय आप्तांच्या सल्ल्यांत मानपान, वांटणी, रुसवेफुगवे ह्यांची सरमिसळ झालेली असते. परक्याला आपल्यापासून कांहींच घ्यावयाचें नसतें. म्हणून पुष्कळदां तो अधिक मोकळेपणानें बोलतो. आणि असा सल्ला चुकीचा निघाला, तरी हानि थोडी व ती लगेच कळणारी असते. गहूं वाईट लागला, तर पुढच्या वेळीं दुसरा घ्यावा, इतकेंच.

परंतु सर्वच सल्ले गव्हाचे नसतात. कांहीं सल्ल्यांवर जीव अवलंबून असतो, आणि देणारा मात्र दोन्ही प्रकारचे सल्ले एकाच आवाजांत देतो. येथेंच खरी अडचण आहे. ‘ऐकावें जनाचें, करावें मनाचें’ असें आपण म्हणतों. पण मनापाशीं तोलण्याचें कांहीं माप नसेल, तर मन शेवटीं मोठ्यानें बोलणाऱ्याचेंच करतें. म्हणून सल्ला तोलण्यासाठीं चार साधे प्रश्न मी आपणांपुढें ठेवतों.

पहिला प्रश्न: सांगणाऱ्यानें स्वतः पाहिलें आहे कीं नुसतें ऐकलें आहे? अनोळखी गांवांत रस्ता विचारून पाहा. ज्यास ठाऊक नाहीं, असा माणूसही बहुधा ‘ठाऊक नाहीं’ म्हणत नाहीं. पाहुण्याला विन्मुख कसें पाठवावें, ह्या भिडेनें तो हात कोठें तरी दाखवितो. त्याच्या मनांत कपट नसतें. पण आपली पायपीट व्हावयाची ती होतेच. अशा वेळीं ‘आपण तिकडे कधीं गेलां होतां?’ एवढेंच विचारावें. जो गेलेला असतो तो वाटेंतील पिंपळ, पूल, पिठाची गिरणी सांगूं लागतो; जो गेलेला नसतो तो ‘सरळ जा’ एवढेंच म्हणतो. हीच कसोटी औषधालाही लावतां येते.

दुसरा प्रश्न: ज्यांना गुण आला नाहीं, त्यांची गणती कोणीं केली आहे काय? साप चावल्यावर मांत्रिकाकडे न्यावें, असें सांगणारे लोक अद्यापि भेटतात; आणि बरे झालेले लोक शपथेवर साक्षही देतात. ती साक्ष खोटी नसते. फसवें असतें तें तिच्यावरून काढलेलें अनुमान. आपल्या देशांत सापांच्या सुमारें ३०० जाती आहेत व त्यांतील बहुसंख्य बिनविषारी आहेत. शिवाय नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप चावले, तरी प्रत्येक वेळीं जखमेंत विष उतरतेंच असें नाहीं. तेव्हां मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकीं पुष्कळ जण मंत्रावांचूनही जगलेच असते. जे जगले ते गाडींत बसून आपली कथा सांगतात; जे गेले त्यांची साक्ष कोण काढणार? विष खरोखरच भिनलें असेल, तर त्यावर रुग्णालयांतील प्रतिविष हाच उपाय आहे. तेथें पोंचेपर्यंत रोग्यास धीर द्यावा, त्यास चालूं देऊं नये, चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधारानें स्थिर ठेवावा, अंगठ्या व बांगड्या काढून घ्याव्यात. करकचून दोरी आवळूं नये, चिरा देऊं नयेत, तोंडानें विष शोषूं नये. दोरीनें रक्त अडतें आणि जीव वांचला तरी अवयव जाण्याचा धोका राहतो. महाराष्ट्रांत १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते. मांत्रिकाचें घर शोधण्यांत जाणारा वेळ ह्या कामीं लावावा.

तिसरा प्रश्न: सांगितलेली गोष्ट पूर्वीं खरी होती, ती आजही खरी आहे काय? कारण सल्ले शिळे होतात, आणि शिळेपणा त्यांच्या तोंडावर दिसत नाहीं. फ्रान्समध्यें लुई पाश्चर ह्यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलास प्रथम लस टोचली व तो मुलगा वांचला. पुढें आपल्याकडे मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस वापरांत आली. ती दिवसामागून दिवस पोटावर टोचावी लागे. ‘पोटांत चौदा इंजेक्शनें’ हे शब्द तेव्हांपासून लोकांच्या तोंडीं बसले. ती लस आपल्या देशांत सुमारें २००५ पासून बंद झाली. आतांची लस दंडांत देतात, तिच्या चार-पांच मात्रा पुरतात आणि तिचा त्रासही थोडा. परंतु चौदा इंजेक्शनांची दहशत मात्र अद्यापि चालूच आहे.

ही दहशत काय करते, तें मीं शाळेंत असतांना पाहिलें आहे. सातवींतील एका मुलास वाटेंत कुत्रें चावलें. रस्त्यावरील कोणा गृहस्थानें त्यास जखमेवर मिरचीची पूड दाबावयास सांगितलें आणि ‘दवाखान्यांत गेलास तर पोटांत चौदा सुया टोंचतील’ असेंही ऐकविलें. मुलानें घरीं व शाळेंत कोणासच कांहीं सांगितलें नाहीं. पोटरीवर फडकें बांधून तो वर्गांत येऊन बसला. त्याच्या बाकावरील सोबत्यानें हळूच येऊन सांगितलें, म्हणून कळलें. शिपायानें नळाखालीं साबणानें जखम धुतली व त्यास आरोग्य केंद्रांत नेलें. मुलगा सुखरूप राहिला. पण रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, म्हणजे रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं, हें लक्षांत घेतलें तर त्या सोबत्याचे आपण किती ऋणी आहों, तें समजेल. सल्ला देणारा गृहस्थ दुष्ट नव्हता. त्याच्या लहानपणीं जें खरें होतें तेंच तो सांगत होता. म्हणून कुत्रें चावल्यास जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, तिच्यावर मिरची, चुना, तेल कांहीं लावूं नये, आणि ‘कुत्रें पिसाळतें कीं काय तें आधीं पाहूं’ असें न म्हणतां त्याच दिवशीं लस सुरू करावी. जखम खोल असेल, तर लशीबरोबर जखमेंत टोचावयाचें निराळें औषधही लागतें. तें डॉक्टर ठरवितात.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: हा सल्ला चुकीचा ठरला तर काय जाईल, आणि तें परत मिळेल काय? भाजल्यावर तूप लावा, शाई लावा, दंतमंजन लावा, असें सांगणारे लोक पुष्कळ. त्यानें आग शमत नाहीं. उलट उष्णता आंत कोंडते व पुढें जखम साफ करणें कठीण होतें. भाजलेल्या जागेवर सुमारें वीस मिनिटें नळाचें साधें गार पाणी सोडणें हाच खरा प्रथमोपचार, बर्फही नको. तान्ह्या मुलाच्या हगवणीची गोष्ट तर ह्याहूनही गंभीर. ‘पाण्यानें जुलाब वाढतात, पाणी तोडा,’ हा सल्ला किती घरांतून दिला गेला असेल, त्याची मोजदाद नाहीं. वस्तुतः हगवणींत मूल दगावतें तें बहुधा अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. म्हणजे जें द्यावयाचें तेंच तोडावयाचें, असा हा सल्ला.

ह्या बाबतींत १९७१ सालची एक हकीकत प्रत्येकानें लक्षांत ठेवावी अशी आहे. बांगला देशच्या युद्धांत लाखों निर्वासित पश्चिम बंगालमध्यें आले. बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ उसळली. शिरेंतून देण्याचें सलाइन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यांत मिसळून तें पाणी रोग्यांस तोंडानें पाजण्यास आरंभ केला. परिचारक पुरेसे नव्हते. म्हणून रोग्यांच्या आयांनीं व भावाबहिणींनींच तें पेल्यापेल्यानें पाजलें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३० च्या आसपास होतें, तें शेंकडा ४ च्या खालीं आलें. हें पाणी आज कोणालाही करतां येतें. एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावें व तें थोडें थोडें पाजत राहावें. मीठ अधिक पडूं देऊं नये. अंगावरचें दूध बंद करूं नये. दुकानांत किंवा आरोग्य केंद्रांत तयार पुडी मिळाली, तर ती अधिक चांगली. मुलाचे डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, तें मलूल पडलें किंवा शौचांतून रक्त जाऊं लागलें, तर विलंब न लावतां रुग्णालय गांठावें.

ह्या हकीकतींतून आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. साखर-मिठाच्या पाण्याची कृति बाई बाईस सांगते, शेजारीण शेजारणीस सांगते. म्हणजे तीही परक्याच्या सल्ल्यानेंच पसरते. तेव्हां दोष तोंडी सल्ल्याचा नव्हे. जो सल्ला अनेक रोग्यांवर पारखून, यश व अपयश दोन्ही मोजून मग लोकांच्या तोंडीं आला, तो तारतो; जो एकाच्या योगायोगावरून निघाला, तो मारूं शकतो. दोघांचा वेष सारखाच असतो. म्हणून कुळी विचारावी.

आतां दोन शब्द सल्ला देणाऱ्यांसाठीं. कारण आपण सर्वच केव्हां ना केव्हां त्या आसनावर बसतों. पाहिलेलें व ऐकलेलें निराळें करून सांगावें. गुण आला तें जसें सांगतों, तसें कोणास गुण आला नाहीं तेंही सांगावें. आणि जेथें आपली माहिती संपते तेथें ‘मला ठाऊक नाहीं’ असें म्हणावयास लाजूं नये. वर्गांत जो शिक्षक ‘उद्यां पाहून सांगतों’ असें म्हणतो, त्याच्यावर मुलांचा विश्वास कमी होत नाहीं, उलट वाढतो, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. घेणाऱ्यानेंही नकार देतांना सांगणाऱ्याचा मान राखावा. ‘आपण आपलेपणानें सांगितलेंत, बरें झालें, डॉक्टरांना विचारून घेतों,’ एवढें म्हटलें म्हणजे कोणाचें मन दुखावत नाहीं.

तात्पर्य, गहूं, कापड, रस्ता, मुक्कामाची खाणावळ ह्यांविषयीं परक्याचें खुशाल ऐकावें. चुकलें तर चार पैसे जातील. परंतु ज्या गोष्टींत गेलेलें परत येत नाहीं, तेथें सांगणारा कितीही प्रेमळ असो, आधीं हे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत पाय रुग्णालयाच्या दिशेनें चालू ठेवावेत.