टोकियो अजून साठ किलोमीटर

विमान उतरते, खिडकीबाहेर भाताची खाचरे आणि गर्द झाडी दिसते, आणि पहिल्यांदाच जपानला आलेल्या माणसाला प्रश्न पडतो, की टोकियो आहे तरी कुठे? टोकियो अजून साठेक किलोमीटर दूर आहे. नारिता विमानतळ मुळात टोकियोत नाहीच, तो शेजारच्या चिबा प्रांतात आहे. मुंबईच्या मापात सांगायचे, तर सीएसएमटीपासून अंबरनाथ जितके लांब, जवळजवळ तितके.

आज सर्वांत वेगवान गाडी टर्मिनल दोनहून टोकियोतल्या निप्पोरी स्थानकापर्यंत ३६ मिनिटांत पोहोचते. विमानतळ सुरू झाल्यापासून या ३६ मिनिटांपर्यंत यायला मात्र जपानला ३२ वर्षे लागली. बुलेट ट्रेन जगात सर्वांत आधी धावली ती याच देशात. तिथे हे असे का व्हावे, याचे उत्तर रुळांपेक्षा जमिनीत आहे.

टोकियोचा जुना विमानतळ हानेदा. तो शहराला लागून, समुद्राकाठी. १९६४च्या ऑलिंपिकच्या तोंडावर, सप्टेंबरमध्ये, हानेदा ते हामामात्सुचो अशी मोनोरेल सुरू झाली आणि विमानतळ शहराला जोडला गेला. पण जेट विमानांची संख्या वाढत होती आणि हानेदाची जागा पुरेना. जुलै १९६६मध्ये मंत्रिमंडळाने नव्या विमानतळासाठी नारिताजवळचा सानरिझुका परिसर निवडला. तिथे राजघराण्याचे कुरण होते, म्हणजे बरीचशी जमीन सरकारच्या हाताशी होती. उरलेली शेतकऱ्यांची होती आणि त्यांना कोणी विश्वासात घेतले नव्हते.

पुढची बारा वर्षे संघर्षाची गेली. शेतकऱ्यांच्या पाठीशी विद्यार्थी संघटना उभ्या राहिल्या. १९७१मध्ये सक्तीचे भूसंपादन झाले, त्यात रक्त सांडले आणि तीन पोलिसांचा जीव गेला. ३० मार्च १९७८ला उद्घाटन ठरले होते. त्याच्या चार दिवस आधी आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात घुसून यंत्रसामग्री फोडली. अखेर २० मे १९७८ला, कडेकोट बंदोबस्तात, नारिता सुरू झाला.

शहराकडे जाणाऱ्या रुळांचे काय झाले, हा या कथेचा कमी सांगितला गेलेला भाग.

सरकारची योजना भव्य होती. टोकियो स्थानकापासून थेट टर्मिनलच्या तळघरापर्यंत नारिता शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, अंतर सुमारे ६५ किलोमीटर. १९७४मध्ये काम सुरू झाले. टर्मिनलखाली स्थानकाची पोकळी बांधून झाली, विमानतळाजवळचे काही पूलही उभे राहिले. पण वाटेवरच्या वस्त्यांनी कडाडून विरोध केला. टोकियोच्या एदोगावा भागात तर प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. गाडी आपल्या घरावरून जाणार, आवाज आपण सोसणार आणि आपल्याकडे थांबणार मात्र नाही, हे लोकांना पटेना. १९८३मध्ये काम थांबले. १९८७मध्ये जपानी राष्ट्रीय रेल्वेचे खासगीकरण झाले आणि योजनाही निकालात निघाली.

केइसेई या खासगी रेल्वे कंपनीची गोष्ट आणखी वेगळी. तिने १९७२मध्येच विमानतळापर्यंत मार्ग बांधला आणि ‘स्कायलायनर’ गाड्याही तयार ठेवल्या. विमानतळच उघडेना! मग त्याच गाड्या नारिता गावातल्या प्रसिद्ध शिन्शोजी मंदिराला जाणाऱ्या भाविकांना नेऊ लागल्या. मे १९७८मध्ये एक स्कायलायनर जाळली गेली. विमानतळ उघडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, २१ मेला, केइसेईची सेवा एकदाची सुरू झाली.

तरीही प्रवाशाची कटकट संपली नाही. टर्मिनलखालची जागा शिंकान्सेनसाठी राखलेली असल्यामुळे केइसेईचे स्थानक बाजूला, अंतरावर बांधावे लागले होते. लांबच्या विमानप्रवासाने आंबलेला माणूस बॅगा घेऊन आधी बसमध्ये चढायचा, स्थानकाला उतरायचा आणि मग गाडीत बसायचा. टर्मिनलच्या बरोबर खाली एक तयार स्थानक असताना हे चालले होते आणि त्या स्थानकात एकही गाडी येत नव्हती. हा प्रकार जवळजवळ तेरा वर्षे चालला.

या कोंडीतून वाट काढायला वाहतूकमंत्री शिंतारो इशिहारा यांनी चालना दिली. शिंकान्सेन येणार नसेल, तर तिच्या जागेत इतर गाड्या आणाव्यात, हा साधा विचार. १९ मार्च १९९१ला जेआरची, म्हणजे खासगीकरण झालेल्या राष्ट्रीय रेल्वेची, ‘नारिता एक्स्प्रेस’ आणि केइसेईची ‘स्कायलायनर’ या दोन्ही गाड्या टर्मिनलच्या पोटात शिरल्या. शिंकान्सेनच्या दुहेरी मार्गासाठी ठेवलेली जागा दोघांनी वाटून घेतली, एक मार्ग जेआरचा आणि एक केइसेईचा. त्यामुळे विमानतळाजवळ दोघांनाही एकेरी मार्गावर काम भागवावे लागते आणि गाड्या हव्या तितक्या वाढवता येत नाहीत.

१७ जुलै २०१०ला ‘नारिता स्काय अॅक्सेस’ हा जवळचा मार्ग सुरू झाला. विमानतळाकडच्या टोकाला शिंकान्सेनसाठी बांधून पडलेले पूल इथे कामी आले. या मार्गावर स्कायलायनर ताशी १६० किलोमीटर वेग गाठते. निप्पोरीचा ५१ मिनिटांचा प्रवास ३६ मिनिटांवर आला तो असा.

आजच्या प्रवाशाला पर्याय भरपूर आहेत. उएनो, आसाकुसा या बाजूला मुक्काम असेल, तर स्कायलायनर बरी. निप्पोरीला उतरले की यामानोते ही शहराला वळसा घालणारी लोकल समोरच मिळते. शिबुया किंवा शिंजुकूला जाणाऱ्यांसाठी नारिता एक्स्प्रेस सोयीची, कारण बॅगा घेऊन गाडी बदलावी लागत नाही. टोकियो स्थानकापर्यंत तिला साधारण तासभर लागतो. खिसा जपायचा असेल, तर केइसेईच्या मूळ मार्गाची साधी गाडी घ्यावी. तिला वेळ जास्त लागतो, पण तिकीट बरेच स्वस्त पडते. टॅक्सीचा विचार मात्र चार वेळा करावा. बिल वीस हजार येनच्या पुढे सहज जाते. रात्री अकराच्या सुमारास गाड्या विरळ होत संपतात, म्हणून उशिरा उतरणाऱ्यांनी मुक्कामाची सोय आधीच पाहून ठेवावी.

लहान मुले आणि जड सामान असेल, तर बस उत्तम. थांब्यावरचा कर्मचारी प्रत्येक बॅगेला क्रमांकाची चिठ्ठी बांधतो, तिचा जोड तुकडा तुमच्या हाती देतो आणि बॅगा उतरण्याच्या ठिकाणानुसार लावतो. बस सुटताना तो कमरेत वाकून निरोप देतो. आणि सामान सोबत नकोच असेल, तर आगमन कक्षातच ताक्युबिनचा, म्हणजे सामान पोहोचवणाऱ्या सेवेचा, काउंटर असतो. बॅग तिथे सोपवली, की बहुतेकदा दुसऱ्या दिवशी ती हॉटेलवर पोहोचते.

संघर्षाच्या खुणा मात्र लवकर पुसल्या गेल्या नाहीत. मार्च २०१५पर्यंत नारिता विमानतळात पाऊल टाकतानाच, अगदी कोणाला आणायला गेलात तरी, ओळखपत्र दाखवावे लागे. वास्तविक पंतप्रधान तोमिइची मुरायामा यांनी १९९५मध्येच सरकारच्या वतीने शेतकऱ्यांची माफी मागितली होती.

ज्या एदोगावाने शिंकान्सेन अडवली, त्याच एदोगावातल्या निशी-कासाई परिसरात आज अनेक भारतीय कुटुंबे राहतात. २०१९मध्ये तिथल्या स्थानिक सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक पुण्यात शिकलेले आहेत.

ही कथा आपल्याला परकी वाटू नये. मुंबईच्या टर्मिनल दोनला ऑक्टोबर २०२४मध्ये भुयारी मेट्रो मिळाली आणि वर्षभराने ती कफ परेडपर्यंत पोहोचली. मेट्रो येईपर्यंत विमानातून उतरलेल्याला रस्त्यावरची कोंडीच वाट्याला येत होती. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला विमाने सुरू झाली, तेव्हा टर्मिनलला भिडलेली रेल्वे किंवा मेट्रो नव्हती. पनवेल-उलव्याच्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर हा विमानतळ उभा आहे. त्यांचे पुनर्वसन आणि प्रवाशांचे रूळ या दोन्ही गोष्टी धावपट्टीइतक्याच तातडीने व्हायला हव्या होत्या. निदान आता तरी या कामांना नारितासारखी दशके लागू देऊ नयेत.

नारिताला जाणे झाले आणि हाताशी अर्धा-पाऊण तास असला, तर टर्मिनल दोनच्या तळघरात ‘हिगाशी-नारिता’ असा फलक शोधा. तिथून अर्धा किलोमीटर लांबीचा, जवळजवळ निर्मनुष्य भुयारी रस्ता केइसेईच्या त्या जुन्या स्थानकाकडे जातो. स्थानक अजून चालू आहे. तिथून पुढे जेमतेम २.२ किलोमीटरची शिबायामा रेल्वे निघते. विमानतळामुळे वाट अडलेल्या गावकऱ्यांसाठी ती २००२मध्ये बांधून दिली. आणि शेजारीच अंधारात, बंद केलेल्या फलाटावर, ‘नारिता विमानतळ’ ही जुनी पाटी अजून आहे.