पैदाशीच्या गाईंचा मृत्युलेखा

वसुबारसेस आपल्याकडे घरोघर गाय-वासराची पूजा होते. त्या दिवशी गोठ्यात किती गाई उभ्या आहेत असे विचारले, तर घरधनी तत्काळ उत्तर देतो. गेल्या वसुबारसेपासून किती मेल्या असे विचारले, तर मात्र तो क्षणभर थांबतो. एक विताना गेली, एक वैशाखात बसली ती उठलीच नाही, एक बाजारात देऊन टाकली, एवढे त्यास आठवते. मेलेल्या गाईचे कितवे वेत होते, ती गाभण होती की भाकड, किती दिवस तिने चारा टाकला होता, हे कोणी लिहून ठेवलेले नसते. कापसाच्या वजनात किलोची तूट आली तर काट्यावर भांडणारा शेतकरी गाईसारखे धन गेले असता त्याची एक ओळही लिहीत नाही, ही आमच्या मते मोठी उणीव होय. बैल मेला तर एक जनावर जाते. पैदाशीची गाय मेली तर तिच्यामागे येणारी चार वेते व तिच्या कालवडींची वंशवेलही जाते.

सरकारी पशुगणनेवरून हा हिशेब लागेल असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात गोवंशाची संख्या २०१२ च्या गणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख होती. ती २०१९ च्या गणनेत सुमारे १ कोटी ४० लाख भरली. ह्या १५ लाखांच्या घटीत किती जनावरे मेली, किती विकली गेली आणि ट्रॅक्टर आल्यामुळे किती बैल ठेवण्याचेच सोडून दिले, हे त्या आकड्यांत दिसत नाही. गणना उभ्या जनावरांची होते. मेलेल्यांचा लेखा ज्याचा त्यानेच ठेविला पाहिजे.

हा हिशेब कठीण नाही. उदाहरणादाखल असे धरू की, कन्नड तालुक्यातील डोंगरपायथ्याच्या एका वस्तीवर गेल्या वसुबारसेस ४० पैदाशीच्या गाई होत्या. वर्षात ४ कालवडी प्रथम गाभण राहून गाईंत आल्या, २ गाई विकत आणल्या आणि ५ विकल्या. म्हणजे यंदा ४१ गाई असावयास हव्या; मोजल्या तर ३८ भरल्या. उरलेल्या ३ मेल्या किंवा हरवल्या. वर्षारंभीची व वर्षाअखेरची संख्या यांची सरासरी ३९. तेव्हा मृत्यूचे प्रमाण शेकडा ७.७ झाले. उत्तर ऑस्ट्रेलियात हजारो हेक्टरांच्या कुरणांत मेलेली गाय कित्येकदा कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. तेथील पशुपालकही असाच वहीवरून हिशेब काढतात.

ह्यात दोन सावधगिरी राखाव्या. पहिली अशी की, ज्याच्या दावणीस तीनच गाई आहेत त्याची एक मेली तर प्रमाण शेकडा तेहतीस होते. परंतु त्यावरून त्याची निगा वाईट असे ठरत नाही, आणि पुढील वर्षी एकही न मेली म्हणून ती चांगली असेही ठरत नाही. लहान गोठ्यांचा हिशेब सगळ्या गावाचा मिळून आणि निदान तीनचार वर्षांचा एकत्र पाहावा. दुसरी अशी की, विक्रीमागे मृत्यू लपतो. ज्येष्ठात बरगड्या मोजता येतील अशी गाय मिळेल त्या किमतीस बाजारात दिली आणि ती दुसऱ्याच्या दारी आठ दिवसांत मेली, तर आपल्या वहीत ती केवळ ‘विकली’ म्हणून राहते. म्हणून विक्रीपुढे ‘चांगल्या अंगाने’ की ‘अशक्त म्हणून’ हे लिहावे.

वर्षातून दोन मोजण्या कराव्या. एक वसुबारसेस व दुसरी मृग निघताना. तिथी मागेपुढे होते, यास्तव इंग्रजी तारीखही टिपावी. ह्या दोन मोजण्यांच्या मधल्या काळात किती गाई गेल्या हे पाहिले, म्हणजे मृत्यू रोगाने होतो की उपासाने, ह्याचा पुष्कळसा उलगडा होतो. लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिस यांच्या प्रतिबंधासाठी २०१९ मध्ये देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून जनावरांच्या कानांत बारा आकडी बिल्ले मारले जात आहेत. तोच आकडा वहीत घेतला म्हणजे एका गाईची गफलत दुसरीशी होत नाही. मृत्यूपुढे तारीख, वय, वेत, गाभण की व्यायलेली, अंगावर मांस किती होते आणि कारण इतके लिहावे. कारण ठाऊक नसेल तर ‘अज्ञात’ असेच लिहावे. तर्काने लिहिलेले कारण पुढे फसवते.

आता आमच्या मते मुख्य गोष्ट ही आहे. गाय नऊ महिने नऊ दिवस गाभण असते. आपल्याकडे मोकळ्या कळपात वळू बारमाही हिंडतो. उन्हाळ्यात वाळलेली गाय आषाढ-श्रावणात हिरव्या गवतावर अंग धरते, श्रावण-भाद्रपदात माजावर येते व फळते. ती केव्हा विणार? वैशाख-ज्येष्ठात! म्हणजे गायरानावर काडी नाही, विहिरीने तळ गाठला आहे, कडब्याची गंज संपत आली आहे, अशा वेळी तिच्यावर पोटातील वासराचा शेवटचा भार पडतो आणि लागलीच दुधाचा. अशी गाय विताना जोर करू शकत नाही, वार वेळेवर पडत नाही, एकदा बसली की उठत नाही. लोक म्हणतात, ‘विण्यात गेली’. वस्तुतः ती माघ-फाल्गुनापासूनच जात होती.

ह्यावर उपाय दोन. ज्यास साधेल त्याने निकृष्ट खोंडांचे खच्चीकरण करून घ्यावे आणि वळू वेगळा बांधून कार्तिक-मार्गशीर्षात गाई फळवाव्या. म्हणजे त्या श्रावण-भाद्रपदात, भर गवतात वितात. परंतु उन्हाळ्यातील दुधावर ज्याचा प्रपंच चालतो, त्यास हे परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. त्याने दुसरा उपाय करावा. वसुबारसेच्या मोजणीबरोबरच पशुवैद्यांकडून गाईंची गर्भतपासणी करून घ्यावी आणि वैशाख-ज्येष्ठात विणाऱ्या गाई निवडून काढाव्या. चाळीसांपैकी अशा आठ निघाल्या, तर विण्यापूर्वीच्या अडीच महिन्यांत त्यांस रोज दीड किलो सरकी पेंड व भरडा अधिक देण्यास सुमारे नऊ क्विंटल खुराक लागेल. तीन गाईंच्या किमतीपुढे हा खर्च जड नाही. सगळ्या कळपास थोडेथोडे वाटण्यापेक्षा जिला गरज आहे तिला पुरते देणे हेच शहाणपण. दूध देणारी गाय विण्यापूर्वी दोन महिने आटवावी आणि खनिज मिश्रण रोज मुठीने द्यावे.

चाऱ्याची तरतूद पावसाळ्यातच व्हावी. सिल्लोड, फुलंब्री, कन्नड ह्या भागांत मका पुष्कळ होतो. त्याचा मुरघास केल्यास वैशाखात हिरव्याची उणीव भरून निघते. टंचाईत उसाचे वाढे आणावे लागतात. त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल अंगातील चुना ओढून घेते, म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी. कापलेल्या किंवा पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत भयंकर विष असते. अशा शेतात भुकेले जनावर क्षणभरही सोडू नये.

आमच्या जिल्ह्यातील बहुतेक गुरे गावठी किंवा संकरित आहेत; देवणीचे माहेर लातूरकडे व लाल कंधारीचे नांदेडकडे. लहान चणीच्या गावठी कालवडीस मोठ्या विलायती जातीचे रेत दिल्यास वासरू अडते; कालवडीने पूर्ण वाढीच्या दोनतृतीयांश वजन गाठल्यावाचून तिला फळवू नये. वार बारा तासांत न पडल्यास ती ओढू नये, पशुवैद्यास बोलवावे. संकरित गाईंत गोचिडांपासून होणाऱ्या थायलेरियाच्या तापाकडे विशेष लक्ष असावे.

रोगांविषयी थोडक्यात सांगतो. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी मृगापूर्वी, लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, आणि ब्रुसेलोसिसची चार ते आठ महिन्यांच्या कालवडींस एकदा, एवढे चुकू नये. एके काळी गावेच्या गावे ओस पाडणारी बुळकांडी भारतात १९९५ नंतर आढळली नाही आणि २०११ मध्ये जगातूनच नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. हे लसीने साधले हे खरे. परंतु प्रत्येक संशयित जनावराची नोंद झाली म्हणूनच रोग कोठे उरला आहे ते कळले.

ऑगस्ट २०२२ मध्ये अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे जळगाव जिल्ह्यात लम्पी त्वचारोग उद्भवला व पुढे राज्यभर पसरला. सरकारने मृत गाईस ३०,००० रुपये, बैलास २५,००० व वासरास १६,००० अशी भरपाई ठरविली. भरपाई होती म्हणून त्या रोगाच्या प्रत्येक मृत्यूचा पंचनामा झाला. उपासाने मेलेल्या गाईस भरपाई नसते, म्हणून तिचा पंचनामाही होत नाही. आणि पंचनामा नाही म्हणून तिच्यावर कोणी विचारही करीत नाही.

आमची सभासदांस आग्रहाची विनंती आहे की, येत्या वसुबारसेस पूजेच्या ताटाशेजारी एक साधी वही ठेवावी. पहिल्या पानावर गाईंची संख्या व बिल्ल्यांचे आकडे, दुसऱ्यावर वैशाख-ज्येष्ठात विणाऱ्यांची नावे लिहावी. मृग निघताना ती वही घेऊन गावातील पाचदहा गोठेकऱ्यांनी एकत्र बसावे. आपल्या गावची एखादी ओळ वाचताना मान खाली घालावी लागेल. परंतु पुढील वैशाखात एक तरी गाय उठून उभी राहील. गाईला माता म्हणणाऱ्यांनी तिच्या मरणाची तारीख तरी विसरू नये.