सुखान्ताचा अधिकार

इंग्रजी कादंबरीवाङ्मयांत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत एका नव्या शाखेची चांगलीच वाढ झाली आहे. दोन पुरुषांमधील प्रेम हा तिचा विषय. आणि त्यांतही राजे, जादूगार व दुसऱ्याच कोणत्या तरी पृथ्वीवरील नगरें यांनीं युक्त अशा अद्भुतरम्य कथांचा भरणा मोठा. हीं पुस्तकें आतां आपल्या घरांतील तरुण मंडळींच्या टेबलावर व मोबाइलच्या पडद्यावर सर्रास दिसतात. वडील माणसें तीं पाहून एक तर न पाहिल्यासारखें करतात, नाहीं तर मुखपृष्ठावरूनच निकाल देऊन मोकळीं होतात. हे दोन्ही मार्ग सुज्ञ वाचकाला शोभणारे नव्हेत. ज्या ग्रंथाविषयीं मत द्यावयाचें तो आधीं वाचावा, ही साधी शिस्त आम्ही मास्तर मंडळी जन्मभर मुलांना सांगत आलों. ती आपणांसही लागू आहे. मीं यांपैकीं बरींच पुस्तकें वाचलीं. कांहीं आवडलीं, कांहीं अर्ध्यावर ठेवून दिलीं. त्यांविषयींचीं माझीं मतें येथें मांडीत आहें.

या शाखेचें मूळ शोधूं लागल्यास ई. एम्. फॉर्स्टर याच्या 'मॉरिस' या कादंबरीपाशीं थांबावें लागतें. फॉर्स्टर आपणांस अगदींच परका नाहीं. १९२१ सालीं तो माळव्यांतील देवास थोरली पाती या मराठी संस्थानांत पवार महाराजांचा खासगी चिटणीस होता, आणि त्या दिवसांची हकीकत त्यानें १९५३ सालीं 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकांत प्रसिद्ध केली. तो देवासला चिटणीस म्हणून आला तेव्हां 'मॉरिस' लिहून सात वर्षें होऊन गेलीं होतीं. १९१३-१४ सालीं लिहिलेली ही कादंबरी कांहीं निवडक स्नेह्यांखेरीज कोणीं वाचलेली नव्हती. ती छापून निघाली १९७१ सालीं, ग्रंथकर्त्याच्या निधनानंतर एका वर्षानें.

कथानक साधें आहे. मॉरिस हॉल हा सुखवस्तु मध्यम वर्गांतील तरुण. बुद्धीनें बेताचा, धंद्यानें शेअरदलाल. केंब्रिजला त्याची क्लाइव्ह डरॅम या जमीनदाराच्या मुलाशीं मैत्री जडते. क्लाइव्हनें प्लेटो वाचलेला. प्रेम असावें पण त्यांत देहाला थारा नसावा, असें त्याचें तत्त्वज्ञान. पुढें तोच क्लाइव्ह लग्न करून प्रतिष्ठित गृहस्थ होतो आणि मॉरिसला तसाच उपदेश करूं लागतो. मॉरिस डॉक्टराकडे जातो, संमोहनविद्या जाणणाऱ्याकडे जातो. गुण येत नाहीं. अखेर क्लाइव्हच्याच इस्टेटीवर रानाची राखण करणाऱ्या ॲलेक स्कडर या तरुणाशीं त्याचें मन जुळतें. ॲलेकला घेऊन जावयाचें अर्जेंटिनाचें जहाज बंदरांतून सुटतें, पण ॲलेक त्यावर नसतो. कुलीनपणा, पैसा आणि चारचौघांतील नांव यांवर पाणी सोडून दोघे एकत्र राहण्याचें ठरवितात, आणि तेथें कथा संपते.

या पुस्तकांतील एक लहानसा प्रसंग माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाच्या मनांत घर करून राहतो. भाषांतराच्या तासाला ग्रीक ग्रंथांतील एक उतारा येतो, आणि अशा प्रेमाचा उल्लेख आहे तेवढा भाग गाळून पुढें वाचावयास गुरुजी निर्विकारपणें सांगतात. गाळणें आम्हांला नवें नाहीं. कुमारसंभवाचा आठवा सर्ग शाळेंत कोण शिकवितो? परंतु शंकरपार्वतींचा शृंगार गाळला तरी स्त्रीपुरुषांचें सहजीवन विद्यार्थ्याला घरोघर दिसत असतें. मॉरिससारख्या मुलाच्या बाबतींत मात्र तेवढा उतारा गाळला कीं आपल्यासारखा दुसरा कोणी या जगांत होऊन गेला, याचा त्याच्या हातीं लागणारा एकुलता पुरावाच नाहींसा होतो.

फॉर्स्टरनें १९६० सालीं या कादंबरीला जोडलेल्या टिपणांत स्वच्छ म्हटलें आहे कीं, शेवट गोड करावयाचा हें त्याचें आधींच ठरलें होतें. नायकाला फांसावर लोंबकळत ठेवलें असतें तर पुस्तक छापणें सोपें गेलें असतें. हें विधान नीट समजून घेण्यासाठीं तेव्हांचा इंग्लंडांतील कायदा आठवावा लागतो. १८९५ सालीं ऑस्कर वाइल्डला याच अपराधासाठीं दोन वर्षांची सक्तमजुरी झाली होती, आणि हा कायदा इंग्लंडांत १९६७ पर्यंत टिकला. अशा काळीं या विषयावर लिहावयाचें तर पात्राला वेड लागावें, त्यानें विष घ्यावें, निदान पश्चात्ताप तरी करावा, अशी जणुं अटच होती. पात्र मेलें कीं वाचकाला हळहळतां येतें आणि समाजाला कांहींच बदलावें लागत नाहीं.

मराठी वाचकाला ही रीत ओळखीची वाटावी. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९० पासून 'करमणुकीं'तून येऊं लागली, तेव्हां यमूच्या दुःखानें घराघरांत डोळे ओले झाले. आणि तें व्हावयासच हवें होतें. परंतु विधवेनें सोसावें व मरावें, येवढेंच चित्र वाङ्मयांत राहिलें असतें तर पुनर्विवाह करून संसार करणारी स्त्री लोकांना कल्पनेंतही दिसली नसती. १८९३ सालीं अण्णासाहेब कर्व्यांनीं गोदूबाईंशीं विवाह केला आणि तो संसार सर्वांच्या डोळ्यांसमोर दीर्घकाळ चालला. करुणेच्या कथेनें मन द्रवतें. सुखाच्या कथेनें, असेंही जगतां येतें, हें कळतें. दोन्ही लागतात. समलिंगी प्रेमाच्या वाट्याला पहिलीच तेवढी पुष्कळ दिवस आली, म्हणून आजच्या प्रणयकथा दुसरीसाठीं आग्रह धरतात. त्या आग्रहाला उथळपणा म्हणणें मला न्याय्य वाटत नाहीं.

फॉर्स्टरनंतर मेरी रेनॉल्ट हिचें नांव घ्यावयास हवें. तिची 'द चॅरिअटिअर' (१९५३) ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धांतील आहे. डंकर्कला जायबंदी झालेला लॉरी रुग्णालयांत पडून आहे. एका बाजूला निष्पाप मनाचा, युद्ध न मानणारा सेवक अँड्र्यू, दुसऱ्या बाजूला शाळेंतील जुना सोबती, जग पाहून पोळलेला नौदलांतील राल्फ. नांव प्लेटोच्या रथावरून घेतलें आहे. त्या रथाला एक गुणी व एक उधळ असे दोन घोडे असतात. कठोपनिषदांतील रथ ज्यानें अभ्यासिला आहे त्याला हें रूपक वाचतांना दुहेरी आनंद होईल. तेथें बुद्धि सारथी, मन लगाम आणि इंद्रियें घोडे. घोडे मारून टाका असें उपनिषद् सांगत नाहीं, ते आवरा असें सांगतें. लॉरीसमोरचा प्रश्न हाच आहे. तो ज्या रीतीनें, कोणाला फसवितां कामा नये या जाणिवेनें, निर्णयाप्रत येतो, ती मला या साऱ्या वाङ्मयांतील सर्वांत पक्व गोष्ट वाटते.

आतां अद्भुताकडे वळूं. प्रेमकथेला जादूटोण्याची जोड कशाला, असा आक्षेप सुशिक्षित वाचक घेतो. पण आपण ज्या शब्दानें या वाङ्मयप्रकाराला ओळखतों तो 'कादंबरी' शब्दच बाणभट्टाच्या अद्भुतकथेंतून आला आहे. तेथें विरहानें प्राण सोडलेला पुंडरीक पुढें वैशंपायन होतो, मग पोपट होतो. चंद्रापीड म्हणजे शापित चंद्रच. आणि महाश्वेता अच्छोद सरोवराच्या कांठीं तपश्चर्या करीत वाट पाहते. बाण ग्रंथ अपुरा ठेवून गेला, आणि प्रेमिकांचें मीलन त्याच्या मुलानें पुरें केलें. पुढें हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) व रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८) यांवर मराठी वाचकांची एक पिढी पोसली. तेव्हां अद्भुताला नाक मुरडण्याचा अधिकार निदान आपल्याला नाहीं.

मर्सिडीज लॅकी या अमेरिकन लेखिकेची 'मॅजिक्स पॉन'पासून सुरू होणारी त्रयी (१९८९-९०) वाचतांना मला वारंवार बाणाची आठवण झाली. सरदाराचा मुलगा व्हॅनिएल. बाप कठोर, आत्या करड्या स्वभावाची पण न्यायी. त्याचा पहिला प्रियकर टायलेंडेल अकालीं मरतो, आणि पुढें स्टेफन नांवाच्या तरुण गायकाच्या रूपानें पुनर्जन्म घेऊन परततो. कल्पना उत्तम, परंतु रडें फार आहे. शिवाय शेवटीं व्हॅनिएल युद्धांत मरतो, आणि दोघांची भेट होते ती देहाविना, अरण्याचे रक्षक आत्मे म्हणून. महाश्वेतेला तिचा पुंडरीक सदेह परत मिळाला. येथें मात्र लेखिकेनें सुखान्त अर्धाच दिला, असें माझें मत आहे.

याच्या उलट एलन कुश्नर हिची 'स्वोर्ड्‌सपॉइंट' (१९८७). तींत जादू मुळींच नाहीं. आहे एक कल्पित नगर, भाडोत्री तलवारबहाद्दर रिचर्ड आणि त्याचा तिरसट विद्वान सोबती ॲलेक. त्या नगरांत अशा प्रेमाबद्दल कोणाला कांहींच वाटत नाहीं. मग कथेंत अडचण कोणती? अभिमान, दारिद्र्य, सरदारांचीं कारस्थानें आणि ॲलेकचा स्वभाव! अद्भुतरम्य कथेचें खरें काम मला येथें दिसतें. जगाचा एक नियम काढून घ्यावा आणि मग माणसें कशीं वागतात तें पाहावें. या दोघांचीं भांडणें वाचतांना कोणाही विवाहित वाचकाला ओळख पटेल.

दोषही सांगितले पाहिजेत. या शाखेंत हल्लीं इतकीं पुस्तकें निघतात कीं बहुतेक एकाच सांच्यांतून काढल्यासारखीं वाटतात. दोघेही नायक अतोनात सुंदर. एका वाक्यानें मिटला असता असा गैरसमज दोनशें पानें चालतो. ठराविक अंतरानें शय्यागृहाचें वर्णन येतें. आणि खरी अडचण उभी राहिली कीं मंत्र म्हणून ती उडविली जाते. क्षेमेंद्रानें औचित्याला काव्याचा प्राण मानलें, तें अद्भुताला तर अधिकच लागू आहे. कारण जेथें कांहींही घडूं शकतें तेथें काय घडूं नये हें ग्रंथकारालाच ठरवावें लागतें. हीं पुस्तकें पुष्कळदां स्त्रियाच लिहितात अशीही कुरकुर ऐकूं येते. ती मला पटत नाहीं. महाश्वतेचें दुःख लिहिणारा बाण पुरुषच होता.

कोणी शास्त्री म्हणतील कीं, शृंगाराचें आलंबन स्त्रीपुरुष हेंच होय, दुसरें सर्व रसाभास. परंपरेनें स्त्रीपुरुषच मानले, हें खरें. परंतु प्रीति दोन्हीं बाजूंनीं नसेल तर तोही रसाभासच, असें साहित्यदर्पणकार विश्वनाथ सांगतो. या कसोटीवर आपल्याकडच्या कितीएक संसारांचें काय होईल, याचाही विचार करावा.

हा विचार वाङ्मयापुरता राहत नाहीं, तो घरांत येतो. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) ही मराठी कादंबरी पुण्यांतील आपल्यासारख्याच घरांत घडते. पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एका तरुणावर घरांतील भाऊ व बहीण दोघांचेंही प्रेम बसतें, आणि तो तरुण निघून जातो. बहिणीचें दुःख सर्वांना दिसतें. रागावून कां होईना, घर तिच्याभोंवतीं गोळा होतें. भाऊ तनय याचेंही तेंच दुःख. पण तें कोणापुढें बोलावयाचें? एकाच छपराखालीं एका मुलाच्या अश्रूंना नांव आहे आणि दुसऱ्याच्या नाहीं. ही प्रणयकथा सुखान्त नाहीं, पण सुखान्त कां हवा हें तिच्याइतकें स्पष्टपणें मला दुसऱ्या पुस्तकानें सांगितलें नाहीं.

कायद्यानें आपलें काम कांहीं अंशीं केलें आहे. १८६० च्या दंडसंहितेंतील ३७७ वें कलम सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतें रद्द ठरविलें. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालांत अशा विवाहाला मान्यता मिळाली नाहीं. म्हणजे तुरुंगाचें भय गेलें, संसाराचें नांव मिळालें नाहीं. या मधल्या अवस्थेंत घरच्या माणसांचें वागणें हाच खरा कायदा ठरतो. मुलगा लग्नाला नको म्हणतो; आपण पत्रिका पाहतों, दडपण आणतों आणि एखादी परक्या घरची मुलगी आणून क्लाइव्ह डरॅमचा संसार उभा करून देतों. त्या मुलीनें कोणता अपराध केला होता? आपल्याच मुलीच्या नशिबीं तें आलें तर आपण काय म्हणूं? पोरांच्या पुस्तकांचा तिटकारा करण्यापूर्वीं वडिलांनीं या प्रश्नाचें उत्तर मनाशीं द्यावें.

ज्यांना प्रारंभ कोठून करावा असा प्रश्न पडेल त्यांना मी टी. जे. क्लून याची 'द हाउस इन द सेरुलियन सी' (२०२०) सुचवीन. चाळिशीचा, एकटा, नियमांच्या पुस्तकावर श्रद्धा असलेला सरकारी तपासनीस लायनस बेकर एका बेटावरील अनाथाश्रमाची तपासणी करावयास जातो. तेथील मुलें चमत्कारिक शक्तींचीं. त्यांचा सांभाळ करणारे गृहस्थ आर्थर पार्नासस. अहवाल लिहितां लिहितां लायनस त्या घराचा होऊन जातो. गोडवा कोठें कोठें अधिक झाला आहे, पण चारचौघांत वाचतां येऊं नये असें त्यांत कांहीं नाहीं. भिन्न स्वभावाचीं माणसें एका पंगतीला कशीं बसतात, हा त्याचा विषय; आणि एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकाला तो कोणी समजावून द्यावा लागणार नाहीं.

घरांतील एखादा मुलगा असें पुस्तक वाचीत असेल तर तें हातांतून काढून घेऊं नये. आपला वाचून झाल्यावर मलाही दे, येवढेंच म्हणावें. त्याला कांहीं सांगावयाचें असेल तर तो सांगेल. नसेल तर निदान एक चांगली गोष्ट दोघांच्या वाचनांत येईल.